शेणावरच्या बुरशीचा अभ्यास सुरू करताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शेणावर वाढणाऱ्या बुरशींचा विषय घेतला, तेव्हा गावात घरोघरी गोठे असल्याने नमुन्यांची ददात पडणार नाही, असा माझा समज होता. मे महिन्यात घरच्या म्हशीचे शेण बरणीत ठेवून दहा दिवस वाट पाहिली. केसाळ म्युकर बुरशीखेरीज काहीही उगवले नाही. गावची गुरे चारणाऱ्या गायक्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "कुटार खाल्लेल्या म्हशीच्या शेणात काय पायतं? पाऊस पडू दे, मंग आखरावरचं घे."

(कुटार म्हणजे वाळला भुसा आणि आखर म्हणजे गावची गुरे जमतात ती जागा.) त्याच्या बोलण्यात तथ्य होते. मला हव्या असलेल्या पायलोबोलस या बुरशीचे बीजाणू गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातात, आतड्यांतून जिवंत बाहेर पडतात आणि शेणात रुजतात. त्यामुळे हाताशी शेण असले, तरी जनावर कुठे चरले याची नोंद आधी हवी.

श्रावणात, चरून आलेल्या गाईचा ताजा पो उचलावा, पण मातीला लागलेला भाग घेऊ नये. काचेच्या बरणीत ओल्या टिपकागदावर तो ठेवून झाकण सैल लावावे, कारण तळाशी पाणी साचले की शेण सडते. (बरणी लोणच्याची नसावी, आईने ती पुन्हा घरात घेतली नाही.)

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळी भिंग घेऊन बसावे. काचेसारखा पारदर्शक देठ, त्याच्या टोकाशी पाण्याने टम्म फुगलेला फुगा आणि त्यावर काळी टोपी दिसते. हा फुगा भिंगासारखे काम करतो, देठ उजेडाकडे वळतो आणि आतला दाब वाढून फुगा फुटला की टोपी दोन मीटरपर्यंतही उडते. ग्रीक नावाचा अर्थच टोपी फेकणारा असा आहे. गुरे शेणालगतचे गवत सहसा खात नाहीत, म्हणून बुरशीला एवढ्या लांब नेम धरावा लागतो. बरणीला काळा कागद गुंडाळून त्याला रुपयाएवढे भोक पाडले, तर दुपारपर्यंत त्या भोकाच्या काचेवरच काळे ठिपके गर्दी करतात.

पायलोबोलस ओसरला म्हणून बरणी रिकामी करू नये. पुढे अ‍ॅस्कोबोलस या बुरशीच्या बारीक वाट्या आणि शेवटी कोप्रिनससारख्या नाजूक छत्र्या येतात, त्यासाठी काही आठवडे धीर धरावा लागतो.

माझ्या वहीत पहिल्या तीन नमुन्यांपुढे 'चारा' हा रकानाच नव्हता. ते अहवालातून वगळावे लागले.