प्रवेश विनामूल्य: शास्त्रीय गायनाच्या मैफलीपूर्वीची यादी

पुण्यात फलकावर ‘प्रवेश विनामूल्य, काही रांगा राखीव’ असे लिहिले की आयोजकांनाही सगळेच फुकटात होईल असे वाटू लागते, आणि मानधनापासून सतरंजीपर्यंत काटकसरीचा हात फिरतो. श्रोत्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, एवढाच त्या ओळीचा अर्थ आहे. आमच्या भागातील लहानशा मंडळाच्या सायंकालीन बैठकींसाठी हळूहळू वाढत गेलेली ही यादी त्या समजुतीनेच सुरू होते.

साधारण दोन महिने आधी वर्गणीचा अंदाज घ्यावा आणि गायक, तबलजी, पेटीवादक व तानपुऱ्यावर बसणारे विद्यार्थी या प्रत्येकाचे मानधन, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय आकड्यांसह लेखी कळवावी. तरुण कलाकाराला ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे’ हे वाक्य ऐकवायचे नाही, हेही येथेच लिहून ठेवावे. साथीला कोण हवे ते गायकालाच विचारावे आणि त्याच संभाषणात स्वरही, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरून गाणार तेही, विचारून घ्यावे. काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला) गाणाऱ्या गायकासाठी आणलेला तबला काळी पाचच्या गायिकेला चालत नाही, आणि हे ऐनवेळी लक्षात आले तर रविवारी संध्याकाळी दुसरा तबला शोधत फिरावे लागते.

वेळ ठरवताना सभागृहाच्या मोकळ्या तारखांइतकाच रागांचाही विचार करावा. सूर्यास्ताच्या सुमारास कार्यक्रम सुरू होणार असेल तर गायक मारवा किंवा पूरिया धनाश्री असा त्या वेळेचा राग मनात धरून येतो. दीपप्रज्वलन, स्वागत आणि अध्यक्षीय मनोगत यांत पाऊण तास गेला की त्या रागाची वेळ हातची जाते आणि बिचारा गायक त्यानंतरच्या वेळेच्या यमनकडे वळतो. म्हणून प्रास्ताविक पाच मिनिटांचे असावे, सत्कार मध्यंतरात उरकावेत आणि कलाकाराचा परिचय, विशेषतः गुरूंची नावे व घराणे, त्याला आधी वाचून दाखवावा.

मैफल मंदिराच्या प्रांगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत असेल तर ध्वनिक्षेपकाच्या लेखी परवानगीसाठी पोलीस ठाण्यात किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. १९५३ मध्ये सुरू झालेला आणि एके काळी रात्रभर रंगणारा सवाई गंधर्व महोत्सवदेखील याच नियमांमुळे वेळेत आटोपता घ्यावा लागला, तेथे आपल्या मंडळाला सवलत मिळेल या आशेवर राहू नये. दिवाळी पहाटेच्या आयोजकांनी सकाळच्या ६ चा आकडा विशेष लक्षात ठेवावा.

सभागृह पाहायला जाताना पंखे सुरू करून त्यांचा आवाज ऐकावा आणि मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. ती किती वेळ घुमते यावरून बरेच कळते. पुढे भारतीय बैठक आणि मागे व कडेला खुर्च्या अशी मांडणी ठेवावी, पण खुर्च्या अधिक असाव्यात, कारण विनामूल्य मैफलींना नेमाने येणाऱ्या रसिकांचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. राखीव रांग एकच असावी आणि कार्यक्रम सुरू होताच ती सर्वांना मोकळी करावी.

सर्वांत जास्त वेळ तानपुऱ्यांसाठी राखावा. मिरजेहून आणलेली उत्तम जोडी असली तरी आठवडाभर आधी ती गवसणीतून (कापडी खोळीतून) काढून तारा, खुंट्या आणि तारांवरचे मणी तपासावेत, आणि सुट्या तारांची पुडी, जवारीसाठी (तारेचा झणकार खुलवण्यासाठी) रेशमी दोरा व खुंटी घसरू नये म्हणून लावायची खडूची पूड एका डबीत घालून ठेवावी. एका एप्रिलमध्ये आम्ही तानपुरे बंद मोटारीतून भर उन्हात आणले आणि थेट वातानुकूलित सभागृहात उभे केले. जोडीच्या (मधल्या दोन) तारा लावून होईतो पंचम (पहिली तार) उतरलेला असे, पंचम चढवावा तर खर्ज (शेवटची जाड तार) बोलेनासा होई. घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, दोरा नखाने इकडेतिकडे सरकवत गायिकेची शिष्या घामाघूम झाली आणि कार्यक्रम चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला. तेव्हापासून वाद्ये दोन तास आधी रंगमंचावर नेऊन ठेवतो, आणि वातानुकूलन तेव्हाच सुरू करून पुढे बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा जवळ असावा, मात्र तो मोबाइलवरचा असेल तर येणारे फोन बंद करून ठेवावेत.

ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला ‘इको नको’ हे आधी सांगावे, नंतर पुन्हा सांगावे. दीडशे श्रोत्यांच्या सभागृहात आवाज मोठा करायचा नसतो, शेवटच्या रांगेपर्यंत तो स्वच्छ पोहोचवायचा असतो. गायक, तबला, पेटी आणि तानपुरा यांना स्वतंत्र माइक द्यावेत. कलाकारांसमोर मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवून सगळे जागेवर बसल्यावरच चाचणी घ्यावी, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो माणूस यंत्रापासून हलणार नाही हे ठरवून घ्यावे. ध्वनिमुद्रणासाठी कलाकारांची लेखी संमती हवी, तीत साथीदारही आले. इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करायचे असेल तर ते निराळे विचारावे. प्रवेश विनामूल्य असल्याने कलाकाराचा कायदेशीर हक्क संपत नाही.

वृत्तपत्रांच्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरासाठी मजकूर चार दिवस आधी पोहोचवावा. त्या दिवशी ग्रीनरूममध्ये कोमट पाणी, चहा आणि साधे खाणे असावे. दारावर दोन स्वयंसेवक उभे करावेत; उशिरा आलेल्यांना आलापी चालू असताना आत न सोडता बंदिश संपेपर्यंत थांबवण्याचे काम त्यांचे. आमच्याकडे हे काम एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे आहे आणि अजून कोणी वाद घातलेला नाही.

मानधनाची पाकिटे नावे घालून दुपारीच तयार ठेवावीत आणि भैरवी झाल्यावर कलाकार निघण्यापूर्वी साथीदारांसह प्रत्येकाच्या हाती द्यावीत. तानपुऱ्यांच्या तारा थोड्या उतरवून गवसण्या चढवण्याचे आणि तबलजींना डग्ग्यासकट घरी सोडण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी लिहावे. ‘कोणीतरी सोडेल’ असे यादीत लिहिलेल्या रात्री तबलजी साडेदहाला रस्त्यावर रिक्षा शोधत उभे होते.