हाय-एंड गेमिंग पीसी: पार्ट निवडताना आधी पडदा बघा

यादी करायला बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ग्राफिक्स कार्ड कोणतं?’ आधी मॉनिटर ठरवा. २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, फोरकेवर (३८४० × २१६०) सुमारे ८३ लाख. म्हणजे फोरकेला दर फ्रेममागे कार्डाचं काम सव्वादोन पट. १४४०पी आणि २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा) मॉनिटर घ्यायचा असेल तर प्रोसेसरवर जास्त पैसे घाला, फोरके असेल तर कार्डावर. हे न ठरवता घेतलेला पीसी महाग होतो आणि कुठेतरी अडखळतोच.

ग्राफिक्स कार्ड

१४४०पीसाठी आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी पुरेसं आहे. दोन्हींवर १६ जीबी मेमरी आहे. फोरकेसाठी ५०८०. पण एक हिशेब करून बघा: ५०८० आणि ५०७० टीआयमधली चिप एकच आहे, जीबी२०३. ५०८० मध्ये तिचे १०,७५२ कोअर चालू असतात, ५०७० टीआयमध्ये ८,९६०. कोअर २० टक्के जास्त, मेमरी तेवढीच. दुकानात भावातला फरक यापेक्षा बराच मोठा दिसला तर ५०७० टीआय घ्या आणि उरलेले पैसे मॉनिटरला लावा. ३२ जीबीचं ५०९० फोरके-२४० हर्ट्झवर सगळ्या सेटिंग वर ठेवून खेळणाऱ्यासाठी किंवा त्याच पीसीवर ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) नाहीतर एआय मॉडेल चालवणाऱ्यासाठी आहे. नुसत्या हौसेसाठी घेत असाल तर ५७५ वॅटची उष्णता खोलीत सोसायची तयारी ठेवा. अर्धा रूम हीटरच तो.

एकाच कार्डाच्या साध्या आणि ‘ओसी’ (कारखान्यातच वेग वाढवलेल्या) मॉडेलच्या वेगात फरक जेमतेम दोन-चार टक्क्यांचा असतो. जास्तीचे पैसे मोठ्या हीटसिंकचे, कमी आवाजाचे आणि दिव्यांचे.

प्रोसेसर

नुसतं गेमिंग असेल तर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी. साध्या ९७००एक्सवर एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबी असते, यावर ९६ एमबी. गेमला पुन्हा पुन्हा लागणारा डेटा इथेच सापडतो, रॅमकडे हेलपाटे कमी होतात. फ्लाइट सिम्युलेटर, मोठ्या स्ट्रॅटेजी गेम आणि जास्त फ्रेमरेटच्या शूटरमध्ये हा फरक उठून दिसतो. फोरकेवर सगळ्या सेटिंग वर ठेवून खेळलात तर तो जवळजवळ दिसेनासा होतो, कारण तिथे वाट कार्डाची बघावी लागते.

१६ कोअरचा ९९५०एक्स३डी व्हिडिओ एडिटिंगही करणाऱ्यांनीच घ्यावा. त्यात आठ-आठ कोअरचे दोन चिपलेट आहेत आणि जादा कॅश त्यातल्या एकावरच. गेम योग्य चिपलेटवर पाठवण्यासाठी एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार दोन्ही लागतात. गेम बार काढून टाकायची अनेकांना सवय असते, आणि मग फ्रेम कमी का येतात ते कळत नाही. इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के रेंडरिंगला दमदार आहे, गेममध्ये मात्र एक्स३डीच्या मागे राहतो.

मदरबोर्ड बी८५० चिपसेटचा पुरतो. एक्स८७० च्या बोर्डांवर यूएसबी४ (जास्त वेगाचं यूएसबी) सक्तीने येतं, ते हवं असेल तरच वर जा. बोर्ड घेण्याआधी मॅन्युअलमधलं एम.२ स्लॉटचं (एसएसडी बसते ती जागा) पान नक्की वाचा. काही बोर्डांवर दुसऱ्या-तिसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली की कार्डाच्या सोळा लेनच्या (डेटा वाहणाऱ्या वाटांच्या) आठ होतात. नुकसान थोडंच, पण हजारो रुपये जादा देऊन ते कशाला घ्यायचं? प्रोसेसरशेजारचा पहिला स्लॉट सुरक्षित असतो. मागच्या बाजूला बायॉस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्डच घ्या. बोर्डातलं बायॉस जुनं आणि प्रोसेसर नवा निघाला, तर पेनड्राइव्हवरून ते अपडेट करता येतं.

रॅम: दोनच कांड्या

एएम५ (या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) वर डीडीआर५-६०००, सीएल३० ही जोडी सगळ्यात फायद्याची. सीएल म्हणजे डेटा मिळेपर्यंत लागणारे घड्याळाचे ठोके. पाकिटावरचे आकडे असे वाचा: ६००० ला खरी घड्याळगती ३००० मेगाहर्ट्झ, म्हणून सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० चीच सीएल४० कांडी १३.३ नॅनोसेकंद घेते. डब्यावर दोन्हीकडे ६००० मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, सीएल बारीक अक्षरात.

‘आत्ता दोन कांड्या घेऊ, पुढे आणखी दोन लावू’ ही डीडीआर४ च्या काळातली सवय सोडा. एएम५ च्या रायझन ९००० मालिकेत दोन कांड्यांसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा ५६०० आहे, चार लावल्या की ती ३६०० वर येते. ६००० हे मुळातच मर्यादेपलीकडचं, चार कांड्यांवर ते टिकेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी १६ च्या दोन नाहीतर ३२ च्या दोन घ्या, त्याही एकाच पाकिटातल्या. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून वेगवेगळ्या कांड्या जमवायचा मोह वाढला आहे. तो टाळा.

कांड्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. तेव्हा बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो. पीसी मेला समजून बटण दाबून बंद करू नका, नाहीतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २ टीबी, पीसीआयई ४.०, टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) घ्या. ५.० ची एसएसडी कागदावर दुप्पट वेगाची असते, पण गेम उघडायला लागणाऱ्या वेळात तो वेग जाणवत नाही.

वीज

सगळ्यात जास्त काटकसर इथेच केली जाते आणि महागातही इथेच पडते. हिशेब मांडू: ५०८० चे ३६० वॅट, ९८००एक्स३डी पूर्ण जोरावर १६२, बाकी पंखे, रॅम, एसएसडी, बोर्ड मिळून ८० धरा. झाले ६०० च्या आसपास. एनव्हिडिया ५०८० साठी ८५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सुचवते, ५०९० साठी १०००. एवढं अंतर ठेवायचं कारण म्हणजे कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या खूप वर उसळी मारतं, आणि साधा एसएमपीएस घाबरून बंद पडतो. ऐन गेममध्ये पीसी फट्‌कन बंद होऊन रीस्टार्ट झाला तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. एटीएक्स ३.१ हे मानक लिहिलेला एसएमपीएस अशा उसळ्या धरूनच बनवलेला असतो. ५०८० साठी ८५० चालेल, पण १००० चा शांत चालतो.

आता कार्डाची केबल. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बरोबर आलेला १२ व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत न जाणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. त्यानंतरच्या १२व्ही-२एक्स६ मध्ये सेन्स पिन (प्लग बसला का ते ओळखणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट राहिला तर कार्ड वीजच घेऊ नये. तरी काळजी तुमचीच. प्लग सरळ ढकला, कड दिसेनाशी झाली का ते टॉर्च मारून बघा, मग हलकेच ओढून बघा. प्लगपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवा, वळण त्याच्या पुढे. एसएमपीएसच्या डब्यातली मूळ केबलच वापरा. दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर केबल एसएमपीएसच्या टोकाला बसली तरी तिची वायरिंग वेगळी असू शकते, आणि मग एका क्लिकमध्ये बोर्ड जातो.

दिवे जातात-येतात तिथे यूपीएस हवाच. त्यावरचा व्हीए नाही, वॅटचा आकडा बघा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना दिवे गेले की तोही जातो. वरचा ६०० वॅटचा पीसी आणि मॉनिटर धरून किमान ९०० वॅटचा, प्युअर साइनवेव्ह घ्या. हे गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरतंच, खेळत राहण्यासाठी नाही. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा.

कॅबिनेट आणि हवा

टेप घेऊन बसा. कॅबिनेटच्या पानावर ‘कार्डाची लांबी ३८० मिमीपर्यंत’ लिहिलं आहे, तुमचं कार्ड ३४० मिमी. बसेल असं वाटतं. पण ही जागा पुढे काही नसताना मोजलेली असू शकते. पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा ३६० मिमीचा रेडिएटर लावलात तर त्याचे २७ मिमी आणि पंख्याचे २५, एकूण ५२ गेले. उरले ३२८. कार्ड बाहेर. असा रेडिएटर छताला लावा, पण तिथे उंच रॅम आडवी येत नाही ना ते बघा. काचेच्या बाजूलाही कार्डाची रुंदी अधिक केबलचे ३५ मिमी एवढी जागा हवी.

९८००एक्स३डीला दोन टॉवरचा चांगला एअर कूलर सहज पुरतो. लिक्विड कूलर दिसायला देखणा, पण त्यात पंप हा एक बिघडणारा भाग वाढतो. काहीही घेतलं तरी कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर असेल, तर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४० अंशांच्या खोलीत तो ९० च्या आसपास जातो, आणि ९५ ला तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून पुढून जाळीचं कॅबिनेट, आत हवा घेणारे तीन पंखे, मागे एक. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट फोटोत छान. धूळ जास्त असेल तर फिल्टर महिन्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळवूनच लावा.

घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. मदरबोर्ड ताब्यात घेण्याआधी सॉकेटवरचं झाकण उचलून पिना बघा. एएम५ मध्ये १,७१८ पिना प्रोसेसरला नाही, बोर्डाला असतात, आणि वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरत नाहीत. टॉर्च तिरपा धरला की वाकडी पिन वेगळी चमकते. ऑनलाइन मागवलंत तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. अमेरिकेतून कुणी कार्ड आणून देत असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा.

जुळणी झाल्यावर तीन गोष्टी हमखास राहतात. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलेलं नसतं. बायॉसमधलं एक्स्पो (रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग) चालू न केल्याने रॅम ६००० ऐवजी ४८०० वर चालत असते. आणि मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते. ती बदललीत की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा बघा, बऱ्याचदा तो ६० वरच असतो.