गोव्याहून ताप घेऊन आलात? या चुका टाळा

चवथीच्या आधीचे दोन दिवस गोव्याच्या गाड्या खानापूर स्टँडवर खच्चून भरून येतात. सेंट्रिंगवाले, गवंडी, हॉटेलात काम करणारी पोरं, सगळे गणपतीला घरी. त्यातल्या एकदोघांच्या अंगात ताप असतोच. मी 24 वर्षं गावोगाव हिंडून तापाच्या माणसांचं रक्त मलेरियाच्या तपासणीसाठी काचपट्टीवर घेतलं, आणि दरवर्षी त्याच त्या चुका पाहिल्या.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे गटाराला दोष देणं. ‘गटार काढा, मलेरिया जातोय बघा’ हे वाक्य मी किती अंगणांत ऐकलं असेल! गटार साफ हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास. तो झोप मोडतो, काही भागांत हत्तीरोग पसरवतो, मलेरिया मात्र नाही. मलेरिया होतो अ‍ॅनॉफिलीस डासाच्या मादीमुळे, आणि गोवा किंवा मंगळूरच्या शहरी भागात यातली मुख्य जात आहे अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. तिला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, विहीर, पिंप, आणि सगळ्यात जास्त बांधकामावरचं पाणी. स्लॅब पडला की त्यावर सिमेंटच्या कडा घालून वाफे करतात आणि ते दिवसेंदिवस भरून ठेवतात. उबदार हवेत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. कामगार झोपतात त्याच इमारतीत किंवा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बहुतेक वेळा मच्छरदाणीशिवाय. त्यातल्या एकाच्या रक्तात जंतू असला तरी पुरे. गावाकडची गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅनॉफिलीसच्याच दुसऱ्या जाती: विहिरी, भातखाचरं यांत क्युलिसिफेसीस, आणि घाटपायथ्याच्या संथ ओहोळांत फ्लुव्हिएटिलिस. म्हणून एकच औषध सगळीकडे फवारून चालत नाही. आधी पाणी बघावं लागतं.

बघायचं कसं? मी पांढरी इनॅमलची पळी वापरतो. पाण्यावर आपली सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून काठाशी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग हळूच पळी बुडवायची. अळी पाण्याच्या पृष्ठाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनॉफिलीस. डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर क्युलेक्स किंवा डेंगीचा एडिस. नवीन पोरं आली की पळी बुडवून लगेच ‘काही नाही, सर’ म्हणतात. त्यांना मी त्याच हौदावर पुन्हा उभं करतो.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ती सांगतो. माझा सख्खा भाचा म्हापशाजवळ सेंट्रिंगला होता. गणपतीच्या आदल्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मीच रक्त घेतलं, व्हायवॅक्स या जातीचा मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन 14 दिवस, असं त्याला आणि बहिणीला समोर बसवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पोरगा आरतीला टाळ वाजवत होता. पाचव्या दिवसानंतर गोळ्या बंद. मी विचारलं तर म्हणाला, “मामा, ताप गेला की. आता गुळ्या कशाला?” पुढे काही दिवस मीही कामात होतो, पाठपुरावा केला नाही. भातकापणीच्या दिवसांत, घरी असतानाच, त्याला पुन्हा तसाच ताप. मी फडताळ उघडलं तर पट्टीत नऊ गोळ्या जशाच्या तशा.

व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो. क्लोरोक्विन रक्तातला मारतं, यकृतातला नाही. तो आठवड्यांनी, महिन्यांनी परत रक्तात उतरतो, आणि त्या वेळी गावातला डास चावला की शेजाऱ्याच्या घरात मलेरिया. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पट्टीवर प्रत्येक गोळीखाली पेनाने तारीख लिहायची, पट्टी देवघरात ठेवायची, आणि घरातल्या बाईमाणसाने जेवणानंतर समोर गोळी गिळायला लावायची. मात्र प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत, आणि रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याला ती घातक ठरू शकते. लघवी काळपट, चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खाणाऱ्यांवर माझा फार राग आहे, तो याचसाठी.

बाकीच्या चुका थोडक्यात. आधी मलेरियाची गोळी खाऊन मग रक्त द्यायला येऊ नका, जंतू सापडत नाही. एकदा तपासणीत काही निघालं नाही आणि ताप चालूच राहिला तर दुसऱ्या दिवशी परत रक्त द्या. धुराची गाडी फिरली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती त्या वेळी उडणारे डास मारते, हौदातली अळी तशीच राहते. विहिरीत जळकं तेल ओतू नका, गप्पी मासे सोडा. मच्छरदाणी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, कडा गादीखाली खोचून. पपईच्या पानांचा रस मलेरियाचा जंतू मारत नाही, त्यात दोन दिवस घालवू नका. फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जास्त धोक्याचा जंतू, असेल तर तेवढ्या वेळात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आणि डॉक्टरांपासून काम लपवू नका. ‘पावसात भिजलो’ एवढंच सांगून कितीतरी पोरं साध्या तापाची गोळी घेऊन परत जातात, कारण गोव्याचं नाव काढलं तर रजा वाढेल, मजुरी बुडेल ही भीती असते. मागच्या काही महिन्यांत गोवा, कारवार, मंगळूर कुठेही राहिला असाल तर केसपेपर काढतानाच ते सांगा आणि स्वतःहून म्हणा, ‘माझं रक्त मलेरियासाठी बघा.’