जहाजातून उतरून बाजार गाठायचा तर

क्रूझच्या कार्यक्रमात ‘रोम’ छापलेलं असलं तरी जहाज लागतं चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम रस्त्याने सुमारे 80 किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ 200 किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लेम चाबांग, तेही शंभरावर किलोमीटर. त्यामुळे काय घ्यायचं याची यादी नंतर. आधी जहाज कुठल्या बंदरात आणि तिथल्या कुठल्या टर्मिनलला लागणार ते बघून घ्या. एकाच शहरातही फरक पडतो. सिंगापूरला हार्बरफ्रंटला उतरलात तर मॉल अगदी शेजारी, मरीना बे क्रूझ सेंटरला उतरलात तर मेट्रो पकडावी लागते. हाँगकाँगचं ओशन टर्मिनल तर थेट मॉललाच जोडलेलं आहे, तिथे ही सगळी तयारी निम्म्याने कमी होते.

मग वेळेचा हिशोब, आणि तो उलटा करायचा: आधी परत कधी यायचं ते, मग जायचं कधी. चिवितावेक्कियाचंच धरू. जहाज संध्याकाळी 7 ला सुटणार असेल तर प्रवाशांनी चढायची शेवटची वेळ साधारण साडेसहा. काही जहाजं सुटण्याच्या तासभर आधीच सगळ्यांना बोलावतात. त्याआधी दीड तास मी मोकळा ठेवते, म्हणजे 5 ला बंदराच्या फाटकावर. रेल्वेगाडीला तासभर लागतो, शिवाय स्टेशन गाठणं, गाडीची वाट बघणं आणि उतरल्यावर बंदराची बस यात आणखी तासभर. म्हणजे रोममधलं शेवटचं बिल 3 च्या सुमाराला. सकाळी जहाज 7 ला लागलं तरी आधी सहलीचे गट उतरतात, मग बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे या बसथांब्यापर्यंत, तिथून स्टेशन, तिथून गाडी. रोममध्ये पोचेपर्यंत 10 वाजतात. हातात राहिले पाच तास, आणि त्यातच जेवण.

इतकं अंतर असेल तर जहाजाकडून मिळणारी नुसती जाण्यायेण्याची बस घ्यावी, असं माझं मत. महाग पडते, पण तिला वाटेत उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची सोय करतं. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी कुणी थांबत नाही. जवळच्या बंदरांत मात्र जहाजाची ‘शॉपिंग टूर’ घेऊ नये. अर्धा वेळ गटाची डोकी मोजण्यात जातो. जहाजावर वाटतात तो ‘शिफारस केलेल्या दुकानांचा’ नकाशाही जाहिरात म्हणूनच बघा. त्यात नाव येण्यासाठी दुकानं बहुतेक वेळा पैसे मोजतात.

उतरण्यापूर्वी घड्याळ बघा. काही जहाजं स्थानिक वेळेप्रमाणे घड्याळ बदलत नाहीत, आणि मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप बदलतो. दरवाज्याजवळच्या पाटीवर चढायची वेळ लिहिलेली असते. तिचा फोटो काढा आणि ती वेळ जहाजाची की गावची, ते तिथल्या माणसाला विचारा. मनगटावर साधं घड्याळ असलेलं बरं. मोबाइल जमिनीवर पाय ठेवेपर्यंत एअरप्लेन मोडवरच ठेवा, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल खरेदीपेक्षा मोठं येतं.

वारही बघायचा. इस्तंबूलला गलातापोर्ट या क्रूझ टर्मिनलहून ट्रॅमने ग्रँड बझार सहज गाठता येतो, पण रविवारी तो बंद असतो. युरोपातल्या बऱ्याच गावांत रविवारी शटर खाली, आणि भूमध्य समुद्राकाठच्या छोट्या गावांत दुपारचे दोन-तीन तासही.

बंदरातून बाहेर पडताना लक्षात ठेवायचं ते हे, की मालवाहू बंदरात आतून चालत जाता येत नाही. बंदराच्या बसनेच फाटकापर्यंत जावं लागतं. बार्सिलोनाला लांबच्या धक्क्यावरून कोलंबसाच्या पुतळ्यापर्यंत बस आहे, तिथून ला रांब्ला हा गजबजलेला रस्ता समोरच. अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथून मेट्रोची हिरवी लाइन थेट मोनास्तिराकीच्या बाजारात नेते, फक्त क्रूझचा धक्का ते स्टेशन हे अंतर कमी समजू नका. टॅक्सी घ्यायची तर रांगेतली घ्या, मीटर की ठरीव रक्कम ते आधी बोला, आणि ती माणशी की गाडीची, तेही. जाऊन-येऊन ठरवली असेल तर सगळे पैसे परतल्यावर.

जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगरणार असेल तर छोट्या बोटीचे टोकन सकाळी लवकर घ्या. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर बोट जुन्या बंदरात सोडते आणि फिरा गाव वर कड्यावर. केबल कार किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. चढताना रांग सुसह्य असते. दुपारी तीन-चार जहाजांचे लोक एकदम उतरायला लागले की तीच रांग गल्लीत मागे मागे जाते, आणि हातात पिशव्या असतात.

पिशवीत जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टची प्रत, दिवसभराची औषधं, पॉवर बँक, घडी होणारी कापडी पिशवी आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकातला बंदर एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा, फोन नंबर. तो नंबर कागदावर लिहा. चुकामूक होईल तेव्हा मोबाइल हमखास बंद पडलेला असतो. नाश्त्याची फळं मात्र बरोबर घेऊ नका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये त्यावरून दंड होतो.

पैशांचं थोडक्यात: युरोपात सगळीकडे युरो चालतो असं नाही. कोपनहेगनला डॅनिश क्रोन, पोलंडच्या ग्दिनियाला झ्लॉटी. कार्डाच्या मशीनने ‘तुमच्या चलनात की इथल्या’ विचारलं की इथल्या म्हणायचं, दुसऱ्यात दर वाईट असतो. मोठी खरेदी असेल तर मूळ पासपोर्ट जवळ लागेल, कारण युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना व्हॅट परत मिळतो. फ्रान्समध्ये त्यासाठी बिल 100 युरोंच्या वर हवं. दुकानातून फॉर्म भरून घ्या. कस्टमचा शिक्का मात्र संघातून बाहेर पडताना शेवटच्या ठिकाणी, म्हणजे त्या शेवटच्या बंदरात किंवा घरी परतताना विमानतळावर. वस्तू न वापरलेली आणि दाखवता येईल अशी ठेवा. लंडनला मात्र ही सोय 2021 पासून बंद झाली आहे.

परत चढताना सामान स्कॅनरमधून जातं. सुऱ्या, शोभेच्या तलवारी, मेणबत्त्या अडकतात. दारूच्या बाटल्या बहुतेक जहाजं ताब्यात घेऊन पावती देतात आणि क्रूझच्या शेवटी परत करतात; केबिनमध्ये उघडायच्या विचाराने घेणार असाल तर घेऊ नका.