सेलाडॉनची नक्षी पाहताना या चुका टाळा

सेलाडॉन म्हणजे हिरवट झिलईचं चिनी भांडं. ते हातात आलं की आपण आधी रंगावर भाळतो. चूक तिथेच होते. हा रंग झिलईतल्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातल्या, जेमतेम एक-दोन टक्के लोहाचा. भट्टीत हवा कोंडून भाजलं की तो उतरतो. आजचा कुंभारही तो काढू शकतो. तेव्हा रंग बाजूला ठेवा, नक्षी पाहा.

शाआन्शी (Shaanxi) प्रांतातल्या याओचौच्या भट्ट्यांवर उत्तर सोंग राजघराण्याच्या काळात (960–1127) कारागीर अर्धओल्या मातीत सुरी तिरकी धरून पिओनीची फुलं, कमळं कोरत. त्यामुळे खाचेची एक बाजू उभी, दुसरी उतरती. उभ्या बाजूच्या पायथ्याशी झिलई साचून गडद दिसते, उतारावर फिकी होत जाते. पाकळीची ती छाया कुंचल्याची नाही, साचलेल्या काचेची आहे. समोरून फ्लॅश मारलात तर सगळं सपाट! खिडकीशी जा, उजेड आडवा पडू द्या, भांडं सावकाश फिरवा.

प्रत्येक नक्षी कोरलेलीच असते, असंही धरून चालू नका. त्याच याओचौत पुढे साचे आले. साच्यातली रेघ सगळीकडे एकसारखी. कोरलेल्या रेघेत सुरी कुठे टेकली, कुठे वळली, कुठे उचलली ते कळतं. साच्यातलं भांडं म्हणजे नकली मात्र नव्हे, तेही तितकंच जुनं असू शकतं.

झेज्यांग प्रांतातल्या लोंगछ्वानच्या भट्ट्यांची गोष्ट निराळी. त्यानंतरच्या दक्षिण सोंग काळात तिथे झिलईचे थरावर थर चढवत. त्याखाली बारीक कोरीवकाम बुडूनच जातं. नक्षी पुसट दिसते म्हणून ती झिजली असं समजू नका. भांडं उलटं करून बूड पाहा: झिलई नसलेली कडा भट्टी निवताना हवा लागून विटकरी होते. नकलेत हाच रंग कधीकधी वरून फासलेला असतो.

झिलईतल्या केसासारख्या चिरा हा वयाचा दाखला नाही. त्या नव्या भांड्यातही पाडता येतात आणि चहाच्या पाण्यात बुडवून काळपटवता येतात.

विषारी अन्न वाढलं की हे भांडं तडकतं, ही जुन्या दरबारांतली समजूत तर सोडूनच द्या. तडकवायला गरम पाणी पुरतं! शिवाय जुनी डागडुजी गरम पाण्यानं सुटते. म्हणून साफ करण्याआधी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. डागडुजीचा लेप बहुधा वेगळा चमकतो. मगच मऊ ब्रशनं धूळ झटका. आणि उचलताना काठाला धरू नका, बुडाखाली हात द्या.