इन्फ्लुएन्सर निवडताना या चुका टाळा

"फॉलोअर किती?" एवढंच विचारून सौदा पक्का करणारे ब्रँडवाले अजूनही भेटतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या एका ताईंनी दिवाळीआधी लाखो फॉलोअर असलेल्या एका खात्याला सगळे पैसे आगाऊ दिले. रीलला लाइक भरपूर पडले, ऑर्डर मात्र येईनात. त्यांनी मला विचारल्यावर मी आधी कमेंट वाचायला बसले. 'नाइस', 'सुपर', बदाम, परत 'नाइस'. तिखट किती आहे, पाव किलोचं पाकीट मिळेल का, नागपूरला कुरिअर होतं का, हे विचारणारं एकही माणूस नाही! मग इनसाइट्स, म्हणजे खात्याची आतली आकडेवारी, मागवले. खातं मराठी, पण 'टॉप सिटीज'मध्ये ना पुणे, ना मुंबई, ना नाशिक. सगळी शहरं परदेशातली. फॉलोअर विकतचे होते. ताईंचं दिवाळीचं बजेट तिथेच संपलं.

म्हणून सौदा करण्याआधीच मी इनसाइट्स बघते. स्क्रीनशॉट घेतच नाही, त्यात फेरफार करता येतो. व्हिडिओ कॉलवर इनसाइट्स उघडायला लावते: गेल्या ३० दिवसांची रीच (खातं किती जणांपर्यंत पोचलं), शहरं, वयोगट. एखादी व्हायरल रील बाजूला ठेवून शेवटच्या दहा रील बघते आणि कमेंट स्वतः वाचते. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून नुसत्या ऑडिट टूलच्या, म्हणजे खोटे फॉलोअर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, टक्केवारीवर चेक फाडणाऱ्यांची मला काळजी वाटते.

दुसरी चूक जाहिरात लपवण्याची. "पेड लिहिलं की रीच पडते" म्हणणाऱ्याला मी तिथेच नमस्कार करते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय: जाहिरात असल्याचं ठळक दिसलं पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचं नाही आणि रील ज्या भाषेत, त्याच भाषेत सांगायचं. फुकट पाठवलेल्या मालालाही हे लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि तो ब्रँडलाही होऊ शकतो.

शेअर कुठला घ्यावा हे सांगणाऱ्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी आहे का, ते बघा. गेल्या महिन्यात तुमच्या स्पर्धकाचं कौतुक करणारा नको. रील तुमच्या जाहिरातीत वापरायची असेल तर परवानगी आधीच लेखी घ्या.

आणि पैसे अर्धे आगाऊ, अर्धे रील लागून इनसाइट्स हातात आल्यावर. याला तयार नसलेल्यांना मी यादीतून काढते, मग फॉलोअर कितीही असोत.