‘खूप त्रास दिला’ एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही

मी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एका वकीलबाईंकडे अर्ज टाइप करते. येणारी प्रत्येकजण म्हणते, ‘मॅडम, खूप त्रास दिला हो.’ मॅडम विचारतात, ‘कधी? कुठे? कोणी पाहिलं?’ ऐकायला कोरडं वाटतं, पण अर्ज उभा राहतो तो यावरच.

म्हणून आधी एक वही घाला. लग्नापासूनचं सगळं क्रमाने लिहा. तारीख आठवत नसेल तर सण लिहा. ‘सासरी छळायचे’ असं मोघम नको. ‘2021च्या गौरी-गणपतीत, कळव्याच्या घरी, पाहुण्यांदेखत ताट भिरकावलं, शेजारच्या काकू दारात होत्या’ असं हवं. शेजारी पुरावा लिहा: दवाखान्याचा केसपेपर, पोलिसांतली एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद), व्हॉट्सअॅप. स्क्रीनशॉट काढलेत तरी मूळ फोन मोडीत काढू नका. असल्या पुराव्याला कोर्टात प्रमाणपत्र जोडावं लागतं. मानसिक छळही कायद्यात बसतो, मात्र रोजची कुरबुर बसत नाही.

परित्यागाचं, म्हणजे जोडीदाराने सोडून जाण्याचं, गणित वेगळं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 प्रमाणे अर्जाच्या लगेच आधीची सलग 2 वर्षं लागतात. मध्ये समेट होऊन नांदायला गेलात, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. सबळ कारण नसताना, तुमच्या मर्जीविरुद्ध संसार सोडायचाच इरादा दिसावा लागतो. आणि घर सोडलं म्हणजे बाईच दोषी, हे नातेवाइकांचं कायदेज्ञान झालं. मार खाऊन माहेरी आलेलीने परित्याग केला असं होत नाही. हाकलून दिलं असेल तर उलट नवऱ्यानेच परित्याग केला, असं मांडता येतं. 2 वर्षं भरली नसतील तर छळावर अर्ज करा. लग्नाला मात्र वर्ष झालेलं हवं. अपवाद फार थोडे.

सासर नाशिकचं आणि तुम्ही ऐरोलीत माहेरी? नाशिकच्या फेऱ्या नकोत. बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकासमोर बसावं लागतं. वही तिथेही न्या. कलम 24 खाली अंतरिम, म्हणजे खटला चालू असेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज मूळ अर्जासोबतच टाका, सोबत दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

घटस्फोटाचा हुकूम मिळाला की स्थळं खुशाल बघा, पण अपिलाचे 90 दिवस उलटेपर्यंत बार उडवू नका.